बोलायला लागलं की सेट मिटतो: टोन स्क्वेल्च किटचं जुनं दुखणं

पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून गप्प राहिलं तर समोरचा सेट उघडा राहतो. बोलायला लागलं की मिटतो. बोलणं थांबलं की पुन्हा उघडतो आणि नुसती शांतता ऐकवतो. घरी जोडलेल्या टोन स्क्वेल्च किटबद्दल इंदूरच्या आमच्या हौशी रेडिओवाल्यांत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. ती येते ती अशी: "भिया, आयसी गेली वाटतं." आणि सांगणाऱ्याच्या खिशात महाराणी रोडवरून आणलेली दुसरी आयसी तयारच असते.

ती पाकिटातच राहू द्या. या लक्षणात आयसी खरोखर गेलेली मी क्वचितच पाहिली आहे. टोन वाटेत कुठेतरी मरतो, आणि तो कधी मरतो हे नीट ऐकलं तर कुठे मरतो तेही कळतं.

नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी दोन ओळी. टोन स्क्वेल्च, म्हणजेच सीटीसीएसएस, चालतं ते बोलण्याबरोबर सतत पाठवल्या जाणाऱ्या एका खालच्या सुरावर, हाच आपला टोन. ६७.० पासून २५४.१ हर्ट्झपर्यंत ठरलेले सूर आहेत, त्यांतला एक आपण निवडायचा. घेणाऱ्या सेटचं ऑडिओ फिल्टर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं कापतं, म्हणून तो कानाला लागत नाही. डिकोडरला, म्हणजे सूर ओळखणाऱ्या सर्किटला, आपला सूर सापडला की स्पीकर उघडतो, नाही सापडला तर बंद. यात गुप्तता औषधालाही नाही. ज्याने टोन लावलेलाच नाही त्याला सगळं ऐकू येतं. आणि आपला स्पीकर गप्प आहे म्हणून चॅनल मोकळा आहे असंही नाही, तेव्हा पीटीटीआधी मॉनिटरचं बटण दाबून ऐकायची सवय ठेवा. हे सगळं हौशी परवाना असणाऱ्यांसाठी लिहितोय, हे वेगळं सांगायला नको.

आता तपासणी. दोष पाठवणाऱ्या बाजूला आहे की घेणाऱ्या, हे आधी ठरवा, त्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. त्यासाठी खात्रीचा टोन देणारा एक सेट हवा. कोणाकडे यूव्ही-५आर हँडी असेल तर तेवढं पुरतं: मेनू १३ मध्ये पाठवायचा टोन, मेनू ११ मध्ये घ्यायचा. किटऐवजी हँडीने टोन पाठवा. डिकोडर नीट चालला तर घेणारी बाजू सुटली. मग उलट करा, किटने पाठवा आणि हँडीने घ्या. त्याच हँडीचा मेनू ५ सुद्धा बघून घ्या. एक सेट वाइडवर आणि दुसरा नॅरोवर असला तर टोन निम्म्याने कमी पोचतो, आणि मग "घरात चालतं, गच्चीवर चालत नाही" असले भुताटकीचे अनुभव सुरू होतात.

पाठवणारी बाजू दोषी निघाली तर तीन प्रकारे बोलून बघा: पीटीटी दाबून गप्प, नेहमीच्या आवाजात, आणि माइक तोंडाशी धरून मोठ्याने. गप्प असताना उघडा, नेहमीच्या आवाजात बहुतेक उघडा, मोठ्याने बोललं की तुटतो, असं असेल तर टोन माइकच्या वाटेने आत सोडलेला आहे, हे मी सेट न उघडता सांगतो.

माइकची वाट सोपी असते, म्हणून लोक तिथेच जोडतात. सॉकेट बाहेरच आहे, सेट उघडावा लागत नाही, वॉरंटी जात नाही. पण माइकपासून मॉड्युलेटरपर्यंत (आवाज रेडिओ लहरीवर चढवणारा भाग) काय काय लागतं ते बघा. आधी प्री-एम्फसिस, म्हणजे सूर जितका खालचा तितकी त्याची ताकद कमी, प्रत्येक सप्तकाला ६ डेसिबल. १००० हर्ट्झपासून ८८.५ हर्ट्झ साडेतीन सप्तकं खाली आहे, म्हणजे आपला टोन तिथेच २१ डेसिबल खाली गेला. वर बऱ्याच सेटमध्ये माइकलाच ३०० हर्ट्झचा हाय-पास असतो, तो आणखी कापतो. मग माणूस काय करतो? किटचा प्रीसेट (टोनची पातळी ठरवणारा, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा रझिस्टर) फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेतो. गप्प असताना टोन पोचतो, सेट उघडतो, चहा होतो, किट डब्यात बंद होतं.

पुढे लिमिटर आहे. जास्त डेव्हिएशन होऊ नये, म्हणजे आवाजाने फ्रिक्वेन्सी मूळ जागेपासून फार हलू नये, म्हणून तो मोठा आवाज छाटतो. बोलणं जोरात आलं की लिमिटर त्याच्या माथ्यावर कात्री चालवतो, आणि त्या माथ्यावर बसलेला आपला टोनही बरोबर कापला जातो. बोलण्यापुढे तो आधीच लहान, छाटणीत आणखी दबतो. डिकोडरला टोन दिसेनासा झाला की स्पीकर बंद. बोलणारा थांबला, लिमिटर शांत झाला, टोन परत. तक्रारीत सांगितलेलं लक्षण हुबेहूब हेच. प्रीसेट आणखी वाढवून ते जात नाही. टोनच माइक ॲम्प्लिफायरला छाटायला लावतो आणि बोलणं फाटकं ऐकू येतं.

उपाय एकच, टोन लिमिटरच्या पुढे सोडायचा, थेट मॉड्युलेटरला. ज्या सेटला मागे डेटासाठी ६ पिनांचं छोटं गोल सॉकेट आहे त्यांना सेट उघडायचीही गरज नाही. मेनूत डेटाचा वेग ९६०० करा, म्हणजे पिन १ वरून आलेला सिग्नल प्री-एम्फसिस आणि लिमिटर टाळून जातो. १२०० वर ठेवलं तर तोच पिन पुन्हा माइकच्या वाटेला जातो, आणि "पिन बरोबर आहे तरी चालत नाही" अशी नवी तक्रार येते. फक्त एक बघून घ्या. काही सेटमध्ये या सॉकेटवरून पीटीटी दिला की पुढचा माइक बंद होतो. तसं असेल तर सेट उघडणं आलं. सर्किट डायग्राममध्ये लिमिटर आणि स्प्लॅटर फिल्टर शोधा, त्यांच्या पुढे व्हॅरॅक्टरकडे (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी हलवणारा डायोड) जाणारी तार शोधा, आणि तिथे ४७ के ते १०० के च्या रझिस्टरमधून टोन जोडा. रझिस्टर मोठा हवा, नाहीतर किटच मूळ ऑडिओला खाली खेचतं.

इथे एक उपरोग आहे, आणि तो चांगल्या चांगल्यांना चकवतो. टोन बरोबर जागी सोडला, तरीही ६७ किंवा ७१.९ हर्ट्झ पोचत नाही, पण २०० च्या आसपासचा व्यवस्थित पोचतो. किटमध्ये काही बिघाड नाही. सिंथेसायझरवाल्या सेटमध्ये पीएलएल, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर पहारा ठेवणारं सर्किट, व्हीसीओला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या ऑसिलेटरला) सतत जागेवर आणत असतो. टोनने व्हीसीओ हळूहळू हलवला की पीएलएलला वाटतं फ्रिक्वेन्सी सरकली, आणि तो ती परत ओढतो. सूर जितका खालचा, तितकी त्याला ओढायला सवड जास्त. कारखान्यातून टोनसह येणारे चांगले सेट म्हणूनच मॉड्युलेशन दोन ठिकाणी देतात, व्हीसीओला आणि संदर्भ ऑसिलेटरला. आपल्या घरच्या जोडणीत तेवढी उठाठेव नको असेल तर सरळ वरचा टोन घ्या, १२० ते १७० च्या मधला. माझं मत विचाराल तर नव्या किटवाल्याने ६७ च्या वाटेला जाऊच नये.

किती टोन सोडायचा? ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या वाइड सेटला टोनचं डेव्हिएशन ५०० ते ८०० हर्ट्झ, नॅरोला त्याच्या निम्मं. "माझ्याकडे डेव्हिएशन मीटर नाही" हे उत्तर आता चालत नाही, कारण आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) आहे आणि बेसेल साहेबांचं गणित फुकट आहे. सेट डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा रझिस्टर), कमी पॉवरवर. माइकमधून १००० हर्ट्झचा शुद्ध सूर द्या, फोनवरच्या टोन जनरेटरमधून चालतो. डोंगलच्या पडद्यावर मधली कॅरिअरची (मूळ रेडिओ लहरीची) दांडी आणि दोन्ही बाजूंना १ किलोहर्ट्झच्या अंतराने बाकीच्या दांड्या दिसतील. सूर शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. मधली दांडी खाली खाली जाते आणि एका जागी नाहीशी होते. त्या क्षणी डेव्हिएशन २.४ किलोहर्ट्झ आहे, कारण मॉड्युलेशन इंडेक्स २.४०५ झाला की कॅरिअर शून्य होते. आता पातळीला हात न लावता डोंगलचा एफएम आवाज डी-एम्फसिस (प्री-एम्फसिसची उलट क्रिया) आणि हाय-पास दोन्ही बंद करून रेकॉर्ड करा, कोणत्याही ऑडिओ प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम उघडा आणि १००० हर्ट्झच्या उभ्या रेघेची उंची लिहून ठेवा. मग माइक बंद करून फक्त किटचा टोन पाठवा. त्याची रेघ लिहिलेल्या उंचीपेक्षा १२ डेसिबल खाली आली की टोन ६०० हर्ट्झवर आहे. प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका आणि विसरा.

त्याच स्पेक्ट्रममध्ये आणखी एक दिसतं. ८८.५ च्या जागी जर ८६ किंवा ९१ ची रेघ उभी असेल, तर किटमधल्या मायक्रोकंट्रोलरला क्रिस्टल नाही. एटीटायनी ८५ सारख्या चिपचं अंतर्गत घड्याळ कारखान्यातून निघताना १० टक्क्यांपर्यंत चुकीचं असू शकतं, आणि शेजारच्या दोन टोनांत अंतर जेमतेम साडेतीन टक्के. दोन रुपये वाचवायला क्रिस्टल गाळणाऱ्या किटवाल्यांना माझा साष्टांग नमस्कार. क्रिस्टल बसवा, प्रोग्रॅममध्ये घड्याळ बदला.

घेणाऱ्या बाजूचा पहिला प्रश्न, ऑडिओ कुठून घेतला? स्पीकरच्या टोकांवरून घेतला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. टोन तिथे पोचायच्या आत गाळला गेला आहे. तो डिस्क्रिमिनेटरवरून (रेडिओ लहरीतून ऑडिओ बाहेर काढणारा भाग) घ्यायचा, म्हणजे डी-एम्फसिसच्या आणि व्हॉल्यूमच्या आधी. वर म्हटलेल्या ६ पिनी सॉकेटमध्ये ९६०० च्या आउटपुटचा पिन ४ तेच काम करतो.

दुसरा प्रश्न कपलिंग कंडेन्सरचा. बऱ्याच किटमध्ये इथे ०.१ मायक्रोफॅरड दिलेला असतो आणि पुढे १० के. बोलण्याला तो ठीक आहे, पण या जोडीचा कट-ऑफ १५९ हर्ट्झ येतो, म्हणजे ८८.५ चा टोन दारातच निम्मा होतो. तिथे १ मायक्रोफॅरड बसवा. कित्येक "कमजोर" किट एवढ्यावर धावायला लागतात.

एलएम ५६७ (टोन ओळखणारी आयसी) वाल्या किटचा तिसरा प्रश्न, आणि इंदूरचा खास, उन्हाळा. फेब्रुवारीत जुळवलेलं किट मे महिन्यात दुपारी बहिरं होतं आणि रात्री दहानंतर शुद्धीवर येतं. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या किटमध्ये हे हमखास. बाहेर ४२-४३ अंश असताना डब्याच्या आत किती असेल याचा विचार करा. ५६७ ची फ्रिक्वेन्सी एका रझिस्टरवर आणि एका कंडेन्सरवर ठरते: १ भागिले १.१ गुणिले आर गुणिले सी. आयसी स्वतः तापमानाने फारशी सरकत नाही, सरकतो तो कंडेन्सर. किटमध्ये तिथे चकतीसारखा सिरॅमिक आला असेल, तर तो आधी काढा. वाय५व्ही जातीच्या सिरॅमिकची क्षमता तापमानाने निम्म्याहूनही खाली येऊ शकते. एक्स७आर सुद्धा १५ टक्क्यांच्या मुभेत असतो, आणि आपल्याकडे चुकायला दोन टक्केही जागा नाही. इलेक्ट्रोलायटिक तर बसवूच नका. पॉलिएस्टर फिल्म चालतो, पॉलिप्रॉपिलीन त्याहून चांगला. १ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन आकाराने मोठा असतो आणि किटच्या पीसीबीवर त्याला जागा नसते. आडवा झोपवा, पाय वाकवून सोल्डर करा, वर गोंदाचा ठिपका द्या. दिसायला बेढब, पण मे महिना निघतो.

८८.५ साठी १ मायक्रोफॅरडबरोबर १०.२७ के लागतो. ८.२ के चा मेटल फिल्म आणि त्याला जोडून ५ के चा मल्टिटर्न प्रीसेट घ्या. एका फेरीतला साधा प्रीसेट घेतला तर नखभर फिरवण्यात शेजारचा टोन येतो. जुळवताना आत सिग्नल देऊ नका आणि मीटर पिन ५ वर लावा, पिन ६ वर नाही. सहावर मीटरचाच भार पडून आकडा सरकतो.

आणि बँडविड्थ. ५६७ ला मोकळं सोडलं तर ती १४ टक्क्यांपर्यंत पसरते, म्हणजे आपला टोन, अलीकडचा, पलीकडचा, सगळ्यांना दार उघडते. ती अरुंद करायला पिन २ वरचा कंडेन्सर मोठा हवा आणि आत येणारा सिग्नल लहान. ८८.५ ला ४७ मायक्रोफॅरड आणि पिन ३ वर ५० मिलिव्होल्ट ठेवले की पट्टा पावणेचार टक्क्यांच्या आत येतो, आणि ८५.४ व ९१.५ दोन्ही बाहेर राहतात. किंमत म्हणून उघडायला थोडा उशीर होतो, पहिला शब्द गिळला जातो. पीटीटी दाबून एक श्वास घ्या आणि मग बोला. सिग्नल जास्त दिला तर पट्टा पुन्हा रुंदावतो, म्हणून "टोन ओळखत नाही, लेव्हल वाढवू" हा विचार ५६७ ला उलटा पडतो. तिच्या आधी एक लो-पास असू द्या, नाहीतर जाड आवाजाच्या माणसाचं नुसतं "हॅलो" सुद्धा तिला टोन वाटतं.

आता उलटी तक्रार: कोणी पाठवत नसताना, किंवा भलत्याच स्टेशनवर सेट उघडतो. बहुतेक वेळा इथे टोनची निवडच चुकलेली असते. परदेशी लेखांत ११८.८ आणि १२३.० टाळा असं लिहिलेलं असतं, आणि आपले लोक ते इमानेइतबारे पाळून १००.० घेतात. तिकडे घरातली वीज ६० हर्ट्झची, तिची गुणगुण १२० वर. आपली ५० ची. रेक्टिफायरमधून निघणारी लहर बरोबर १०० वर, आणि टोनांच्या यादीत १००.० सरळ बसलेला आहे. मेमधल्या कमी व्होल्टेजच्या संध्याकाळी ट्रान्सफॉर्मरवाल्या पॉवर सप्लायचा रेग्युलेटर दम सोडतो, १०० हर्ट्झ थेट सेटमध्ये घुसतो आणि डिकोडर आनंदाने दार उघडतो. पाठवणाऱ्याच्या सप्लायमध्ये गुणगुण असेल तर ती कॅरिअरवर बसून येते, आणि मग त्याने टोन लावलेला नसतानाही तुमचा सेट त्याच्यासाठी उघडतो.

१००.० सोडून ९७.४ किंवा १०३.५ घेतला तर सुटलो, असंही नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात तेव्हा रस्ताभर डिझेल जनरेटर असतात. त्या जनरेटरवर बेस सेट चालवून बघा. भार कमी असताना इंजिन जरा पळतं, ५० चे ५२ होतात, लहर १०४ वर येते आणि १०३.५ वाला डिकोडर जागा होतो. दिव्यांचा भार पडला की इंजिन दबतं आणि ९७.४ च्या बाजूला सरकतं. १५१.४, २०३.५ आणि २५०.३ सुद्धा विजेच्या पटींच्या शेजारी राहतात, आणि चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर १५० आणि २५० चांगलेच जोरात असतात. आपल्याकडे ८८.५, १२३.० किंवा १३१.८ घ्या. तिकडच्या लेखांतला नकोसा १२३.० इकडे उत्तम चालतो.

टोन बदलूनही उघडतच राहिला तर डिकोडरचा आउटपुट आणि सेटचा मूळ कॅरिअर स्क्वेल्च (कॅरिअर नसेल तर स्पीकर बंद ठेवणारं सर्किट) दोन्ही मिळून स्पीकर उघडतील अशी जोडणी करा. नुसत्या खरखरीतही कधीकधी क्षणभर टोनसारखं काही सापडतं. दोन डायोड आणि एक ट्रान्झिस्टर, एवढंच काम आहे.

राहता राहिली शेवटची "खर्रर्र". पीटीटी सोडल्यावर कॅरिअर गेलेली असते, पण डिकोडरला टोन संपल्याचं कळायला वेळ लागतो, तेवढ्यात स्पीकर खरखर ओकतो. कॅरिअर स्क्वेल्च वर सांगितल्यासारखा जोडला असेल तर ती बरीच कमी होते. उरलेली घालवायची तर पाठवणाऱ्या किटमध्ये पीटीटी सोडल्यावर कॅरिअर आणखी २०० मिलिसेकंद चालू ठेवा आणि टोन आधी बंद करा. किटमध्ये मायक्रोकंट्रोलर असेल तर प्रोग्रॅमच्या चार ओळी, नसेल तर पीटीटीच्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर एक रझिस्टर आणि एक कंडेन्सर. हा कंडेन्सर मात्र खुशाल इलेक्ट्रोलायटिक घ्या.